नुसत्या किका मारू नका, आधी प्लग पाहा

डहाणू-तलासरी भागात कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करणारे आम्ही व्यापारी अजूनही जुन्या राजदूत, येझदीवर विसंबून आहोत. सकाळी गाडी चालू झाली नाही तर त्या दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

प्रथम पेट्रोलचा कॉक उघडा आहे का ते पाहावे. मग प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. कार्बोरेटरचा जेट साफ करावा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. कॉक व चावी बंद करून, प्लग बाहेर ठेवून आठ-दहा किका माराव्यात.

सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे. चावी लावून, पुसलेला प्लग टोपीत बसवून, भोकापासून दूर इंजिनाला टेकवावा व किक मारावी. निळी ठिणगी हवी. नसेल तर पॉइंट घासून फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावी. किनाऱ्याच्या दमट हवेत पॉइंट लवकर खराब होतात.

आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ओल शिरते. पावसाळ्यात ते टाकीत फार दिवस ठेवू नये. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हा जुने सुटे भाग जपावेत. एक नवा प्लग मात्र बाजाराला निघताना जवळ असलाच पाहिजे.