पाव बॅटरी आणि धनकवडीचा चढ

दिवसा पुण्यात शिवाजीनगरला ऑफिस, संध्याकाळी सात ते अकरा जेवणाची पार्सलं. यासाठी इलेक्ट्रिक गाडी घेतोय असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, राहता कुठे आणि कितव्या मजल्यावर? सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बॅटरी काढून घरी नेता आलीच पाहिजे, आणि दहा-बारा किलोचं ते ओझं रोज रात्री जिन्याने वर न्यायचं असतं.

शोरूममध्ये मला एका चार्जिंगला शंभर किलोमीटर सांगितले होते. हिशोब आपला आपण करावा. ६० व्होल्ट, ३० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॅट-अवर. किलोमीटरला ३० धरले तर साठ होतात, आणि सिग्नल, चढ, पाठीवरची बॅग धरून मी पन्नासच मोजतो. खरी अडचण शेवटच्या दहात येते. रात्री दहाला धनकवडीच्या चढावर डिस्प्लेवर दोन कांड्या असतानाच गाडी मान टाकते. चढावर मोटर जास्त करंट ओढते, उतरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज आणखी पडतं आणि कंट्रोलर पुरवठा तोडतो. थोडं थांबून चालू केली की दोन कांड्या पुन्हा हजर. तोवर बिर्याणी निवते आणि ॲपवर उशीर आपल्या नावावर लागतो.

आता कागदपत्रांचं. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. मात्र त्या मॉडेलला एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त वाहन-चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र हवं. ते बघायला मागा. "एक वायर काढली की पंचेचाळीस पळते," असं दुकानदार म्हणाला तर तिथूनच परत फिरा. वायर काढली की ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते, आणि अपघात झाला तर भरपाई चालवणाऱ्याच्या खिशातून जाते. २०२२ मध्ये परिवहन विभागाने अशा गाड्यांवर राज्यभर कारवाई केली, ती योग्यच होती.

वॉरंटीचं मला फार लागलंय. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी बसली तेव्हा सर्व्हिस सेंटरने कार्डावरची बारीक ओळ दाखवली: व्यावसायिक वापर वगळून. पैसे घेताना ते कार्ड कुणी पुढे केलं नव्हतं. त्यामुळे डिलिव्हरीचा वापर वॉरंटीत बसतो, हे बिलावरच लिहून घ्या. विमा कंपनीलाही तेच विचारा.

टायर ट्यूबलेसच घ्या. हब मोटरचं मागचं चाक उघडायला रस्त्यावरचा पंक्चरवाला सहसा तयार होत नाही. चार्जिंग मात्र गाडी आल्याआल्या लावू नका. बॅटरी अर्धा तास निवू द्या, आणि रात्रभर दाराच्या वाटेत लावून झोपू नका.

ट्रायलला भरलेली बॅटरी देतात. तुम्ही पाव बॅटरीवर मागा, स्वतःच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरा आणि आपल्या घराकडचा चढ चढवून बघा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान गाठा.