पाकाच्या नादी लागू नकोस

अगं, किती वेळा त्या खिडकीशी जाऊन उभी राहशील? मिनियापोलिसचा जानेवारी आहे हा, तुझ्या बघण्याने बर्फ वितळायचा नाही. मी वीस मिनिटांवर राहते, पण आज माझीही गाडी बाहेर निघत नाहीये. नवरा खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये, तुझं लायसन्स अजून व्हायचंय, एच-फोर व्हिसावर नोकरीचं नाव नाही आणि परवा संक्रांत. रडू येणारच, बाई. पण सकाळी फोनवर तू म्हणालीस, “ताई, मला तिळगूळसुद्धा जमणार नाही,” ते मात्र मी ऐकून घेणार नाही. बाह्या वर कर आणि ऊठ.

खरं सांगू का, पाकाच्या नादीच लागू नकोस. आई पाकाचे करते म्हणून आपणही तेच करायचे, हा हट्ट सोड. त्याला चिकीचा गूळ लागतो, तुझ्याकडे आहे साधा. थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायची, झाली की क्षणात तीळ ढकलायचे आणि चटके सोसत वळत सुटायचं. तिकडे आई, काकू, शेजारच्या मावशी अशा तिघी परातीभोवती बसतात. तू एकटी. दहावा लाडू वळेपर्यंत उरलेल्याचा दगड झालेला असतो.

माझ्या पहिल्या संक्रांतीची गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल, तर माझ्याकडूनच ऐक. पाक उकळत ठेवला आणि पक्का झाला का, हे विचारायला आईला फोन लावला. तिने आधी शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण सांगितलं. इकडे पाक काळा ठिक्कर! घरातला अलार्म किंचाळायला लागला आणि मी शहाणीने धूर जावा म्हणून कॉरिडॉरकडचं दार उघडलं. मग काय, बाहेरचा अलार्मही वाजला, अख्खी बिल्डिंग खाली आणि पाठोपाठ आगीचा बंब. उणे वीसमध्ये पायजम्यावर जाकीट चढवून उभे असलेले ते आजोबा अजून लिफ्टमध्ये भेटले की मला विचारतात, “आज काय बनवतेयस?” तेव्हा तू पंखा आधी लाव, खिडकी बोटभर उघड आणि ते दार बंदच ठेव.

आता बघ, बिनपाकाचे लाडू. मापाला एकच वाटी घे, ते कप-बिप नकोत. दोन वाट्या तीळ, एक वाटी दाणे, दीड वाटी किसलेला गूळ. गूळ वरवंट्याने फोडावा इतका कडक असेल, तर मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद ठेव, मऊ होतो. दाणे कच्चे घेऊन घरी भाज. मी एका वर्षी डब्यातले तयार भाजलेले आणले, ते निघाले खारवलेले. नवरा बिचारा “वेगळी चव आहे” म्हणत दोन लाडू संपवून गप्प बसला.

तीळ मंद आचेवर भाज आणि तिथून हलू नकोस. ते तडतडायला लागतात, रंग जेमतेम बदलतो, खमंग वास येतो, की लगेच परातीत काढ. कढईत ठेवायचे नाहीत गं! ही काचेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली असते, तीळ खालून करपत राहतात आणि करपलेला तीळ कडू लागतो. गार झाले की मूठभर अख्खे बाजूला ठेव, बाकीचे भरड वाट. पुण्याहून आणलेला मिक्सर इथल्या 120 व्होल्टवर नुसता कण्हतो, तो राहू दे कपाटात. स्मूदीचं छोटं भांडं आहे ना, त्यात थांबत थांबत फिरव. मग दाणे आणि गूळ घालून पुन्हा एकदा. वेलची, जायफळ आणि ते अख्खे तीळ मिसळ. मूठ दाबलीस की तिळाचं तेल सुटतं आणि लाडू आपसूक वळला जातो. भुगा होतोय असं वाटलं, तर चमचाभर पातळ तूप घाल. झालं! चटका नाही, घाई नाही. मध्ये उठून चहा प्यायलीस तरी चालेल.

समोरच्या घरी वाटी नेण्याआधी मात्र विचार. दाण्यांचं सगळ्यांना माहीत असतं, पण इथे 2023पासून तिळाचंही नाव मुख्य ॲलर्जींच्या यादीत आहे. मी न विचारता दिले होते आणि त्या बाईंनी माझ्यादेखत मुलाच्या हातातला लाडू काढून घेतला. आधी मला राग आला, मग कारण कळलं आणि घरी येऊन घामच फुटला.

हळदीकुंकवाचं म्हणशील, तर रथसप्तमीपर्यंत मुभा आहे. तोवर रस्ते मोकळे होतील, मी चौघीजणींना गाडीत घालून घेऊन येते. वाण म्हणून काहीही दे, साधे मोजे दिलेस तरी इथे दुवा मिळेल.

आणि लाडू वाकडेतिकडे झाले म्हणून आईपासून लपवू नकोस. आपल्याकडे रात्री आठ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात, ती चहा घेऊन निवांत बसलेली असते. व्हिडिओवर परात दाखव. ती म्हणेल, “अगं, जरा लहान वळायचे.” म्हणू दे. पण फोन शेगडी बंद केल्यावरच लाव हं.