शंभराचं टाका

मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकजवळ आडगावच्या पुढे असलेल्या एका पेट्रोल पंपाचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले. दर वाढला की लोक मलाच जाब विचारायचे. पंपाच्या खिडकीत बसून जे उमगलं ते लिहून ठेवतो.

१. गिऱ्हाईक लिटर सांगत नाही, रुपये सांगतं. पेट्रोल तीस-पस्तीस रुपये होतं तेव्हाही "शंभराचं टाका" आणि २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोलने शंभरी गाठली तेव्हाही "शंभराचंच". पूर्वी त्यात तीन लिटर यायचं, नंतर एकही धड भरेना. नोट तीच असल्यामुळे चटका जाणवत नाही, फक्त तोच माणूस दोन दिवसांत पुन्हा दारात दिसतो. मापात मारतील या भीतीने काही जण मुद्दाम एकशे दहाचं टाकतात. त्याने काही साधत नाही. शंका असेल तर पाच लिटरचं माप मागावं, ते पंपावर ठेवावंच लागतं.

२. पहाटे भरलं की जास्त पेट्रोल मिळतं, ही अफवा. टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. खरी काळजी पाण्याची. डिप रॉडच्या टोकाला पेस्ट लावून तो टाकीत सोडायचा. तळाशी पाणी असेल तर पेस्टचा रंग पालटतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून हे काम जास्तच जपून करावं लागतं, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पेट्रोलची साथ सोडून तळाला बसतं.

३. दर चढला की गिऱ्हाईक चिडतं, उतरला की पंपाचा मालक. ३ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन दिवाळीत, केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क पाच आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी कमी केलं. टाकीत जुन्या भावाचा माल आणि बोर्डावर नवा भाव! आमच्या मालकांना फराळ गोड लागला नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं? टाळेबंदीत जगभर कच्चं तेल मातीमोल झालं आणि मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये शुल्क चढवलं. बोर्डावर स्वस्ताई उतरलीच नाही. राज्यही मागे नाही. २०१५ च्या दुष्काळात त्याने इंधनावर दोन रुपयांचा अधिभार लावला होता. कच्चं तेल पडलं की पेट्रोल पडेल, ही आशा मी केव्हाच सोडून दिली.

४. तेल गाडीतच जळतं असं शहरातल्या माणसाला वाटतं. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्याकडे येऊन बसावं. रात्री अवकाळी पाऊस शिंतडला की सकाळी उजाडायच्या आत ट्रॅक्टरची रांग लागते, मागे ब्लोअर, कडेला कॅन. डावणी रोग येण्याआधी फवारणी उरकायची असते. ढगाळ हवा आठवडाभर राहिली की डिझेलचा खप कसा वर जातो, हे मी हवामान खात्याचा अंदाज न बघता रजिस्टरवरून सांगत असे. त्या बागेतलं ठिबकही तेलातूनच आलेलं, क्रेटही, घड भरायची पिशवीही. पुढे माल थंड कंटेनरमधून न्हावाशेवा बंदराकडे जातो, तो कंटेनरही वाटेत डिझेलवर गार राहतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. भाडं वाढलं, दिवस वाढले. एक ओळखीचे बागायतदार आबा डिझेल भरता भरता म्हणाले, "भाऊ, आता येमेनचीबी बातमी ऐकावी लागती." लासलगावच्या कांद्याची गत वेगळी नाही. गुवाहाटीला तो चालत जात नाही.

५. पुरवठ्याचं नाक मनमाडजवळ पानेवाडीला आहे. मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने तेल तिथवर येतं आणि टँकरने पुन्हा नव्वदेक किलोमीटर मागे नाशकात आणायचं. त्या परिसराने वाईट दिवसही पाहिलेत. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी तिथे जिवंत जाळलं. रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावातल्या फरकावर पोसलेला धंदा होता तो. त्यानंतर कितीतरी दिवस टँकर उतरवताना कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्याच पानेवाडीला १ जानेवारी २०२४ ला टँकरचालक थांबले. हिट अँड रनच्या नव्या कायद्यातली शिक्षा त्यांना मान्य नव्हती. शंभरीने जे झालं नाही ते या संपाने दीड-दोन दिवसांत केलं. रांग सर्व्हिस रोडवर गेली, लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन आले, निम्म्या गाड्यांच्या टाक्या तर भरलेल्याच होत्या. त्या दिवशी कोणीही भाव विचारला नाही. माझं मत तेव्हा पक्कं झालं: महागाई माणूस पचवतो, टंचाईला मात्र घाबरतो.

६. नाशिक दुचाकीचं गाव आहे आणि त्याला नुसती आळशी माणसं कारणीभूत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा घर पाथर्डी फाट्याला नाहीतर पंचवटीला. सिटीलिंक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, चांगली आहे, पण बस चुकली तर पुढचीची वाट पाहायला कामगाराला वेळ कुठे असतो? शिवाय आपल्या शहराची भाकरीही डिझेलवर भाजलेली. मायको सर्कल हे नाव ज्या कारखान्यावरून पडलं, तिथे डिझेल इंजिनाचे नोझल घडले. महिंद्राची बोलेरो इथलीच.

दरवाढीची चिंता करताना मी आमच्या मालकांना कधी पाहिलं नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हा मात्र ते खिडकीशी आले आणि मार्ग कुठून जाणार ते विचारून गेले. गंगापूरहून नाशिकरोड आणि मुंबई नाका, असं मी पेपर वाचून सांगितलं. शहरात त्यांच्या भावाचा पंप आहे. पुढे काही महिने ते मेट्रोची चौकशी करत राहिले, मग बंद केली. भावाने त्याच पंपावर आणखी एक मशीन बसवलं.