ग्रामसभेकडून नगर परिषदेकडे : डहीच्या कारभाराचा एक पाठ

गाव वाढते, बाजारपेठ पसरते आणि एके दिवशी शासनाच्या अधिसूचनेने त्या गावाचे नगर होते. रस्ते तेच, माणसे तीच. परंतु कारभाराची चौकट बदलते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात वसलेले, भिल्ल व भिलाला समाजाची मोठी वस्ती असलेल्या परिसरातील डही हे असेच एक लहान नगर होय. हा बदल नीट समजून घेणे नागरिकांच्या हिताचे आहे.

तीन पायऱ्या

मध्य प्रदेशात नागरी संस्थांच्या तीन पायऱ्या आहेत. मोठ्या शहरासाठी नगरपालिक निगम, म्हणजे आपल्याकडील महानगरपालिका. मध्यम शहरासाठी नगरपालिका परिषद. आणि ग्रामीण रूप सोडून नागरी होऊ लागलेल्या गावासाठी नगर परिषद. जुन्या पवार संस्थानांच्या राजधान्यांपैकी देवास आज पहिल्या पायरीवर आहे, धार दुसऱ्या आणि डही तिसऱ्या. निगमांस १९५६ चा अधिनियम लागू आहे, तर उरलेल्या दोहोंस १९६१ चा.

परिषदेची रचना

नगराचे प्रभाग पाडून प्रत्येकातून एक सदस्य निवडला जातो. महाराष्ट्रात ज्यास नगरसेवक म्हणतात, त्यास तेथे पार्षद म्हणतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखीव असतात. तज्ज्ञ म्हणून नामनिर्देशित केलेल्या सदस्यांस सभेत बोलता येते, मत देता येत नाही. अध्यक्ष हा प्रमुख असून, त्याने पार्षदांतून नेमलेली 'अध्यक्ष-परिषद' त्यास कामकाजात साहाय्य करते. ठरावांची अंमलबजावणी, नोंदी व कर्मचारी यांची जबाबदारी मुख्य नगरपालिका अधिकाऱ्याकडे असते. हा अधिकारी शासनाचा नोकर असतो, निवडून आलेला नसतो. थोडक्यात, काय करावयाचे ते परिषद ठरविते आणि ते करून घेतो अधिकारी.

पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती, सफाई, आठवडी बाजाराची व्यवस्था ही परिषदेची नित्याची कामे होत. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अशा १८ विषयांची यादी आहे. खर्चासाठी मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार वसुली, जकात बंद झाल्याबद्दल मिळणारी भरपाई आणि शासकीय अनुदाने हे मार्ग आहेत. लहान नगराचे स्वतःचे उत्पन्न तोकडे असल्याने अनुदानावरील भिस्त मोठी राहते.

काय मिळते, काय सुटते

ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात प्रत्येक प्रौढ मतदार हा ग्रामसभेचा सदस्य असतो. तो स्वतः उभा राहून हिशेब विचारू शकतो. नगर होताच ती सभा संपते व तिच्या जागी निवडक पार्षदांची बैठक येते. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमण्याचे बंधन संविधानाने घातले आहे; लहान नगरांवर ते नाही. ग्रामीण भागापुरत्या असलेल्या रोजगार योजनाही नगराच्या हद्दीत लागू राहत नाहीत.

डहीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण हा प्रदेश पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रातील ग्रामसभांस १९९६ च्या केंद्रीय कायद्याने जमीन, गौण वनोपज, गावबाजार व परंपरागत रीती यांबाबत विशेष अधिकार दिले आहेत. नगरपालिकांविषयीचा संविधानाचा भाग मात्र अनुच्छेद २४३-यग प्रमाणे येथे आपोआप लागू होत नाही. त्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा हवा. तसे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. म्हणून येथील नागरी कारभार राज्याच्या अधिनियमावर चालतो, आणि ग्रामसभेच्या तोडीची सभा नगरवासीयांच्या वाट्यास येत नाही.

नागरिकांनी काय करावे

जी सभा कायद्याने सुटली, तिची उणीव जागरूकतेने काही अंशी भरून काढता येते. आपल्या प्रभागाचा पार्षद कोण, हे जाणून घ्यावे. तक्रार लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. अंदाजपत्रक संमत होण्यापूर्वीच मोहल्ल्याची बैठक बोलावून गरजा कळवाव्यात. ठराव व खर्चाची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये मागता येते. शिक्षकांनी वर्गात आपल्याच नगराचे अंदाजपत्रक वाचून दाखवावे. नागरिकशास्त्राचा याहून जिवंत धडा नाही. अधिकाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की, कालपर्यंत ग्रामसभेत समोर बसून प्रश्न विचारणारा माणूस आज कार्यालयाच्या दाराशी उभा आहे. त्याचा प्रश्न तोच आहे. उत्तर मिळण्याचा त्याचा हक्कही तोच आहे.