मशीद झाडणारी स्त्री

सहीह बुखारी व मुस्लिममध्ये मशीद झाडणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकीकत येते (स्त्री की पुरुष, याविषयी रावीला शंका आहे). ती दिसेना, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारपूस केली. ती निधन पावली होती. सहाबांना तिची बाब क्षुल्लक वाटली, म्हणून त्यांनी कळविले नव्हते. प्रेषितांनी (स.) याची विचारणा केली, कबर विचारून घेतली आणि तेथे जनाजाची नमाज अदा केली.

या हदीसमध्ये साथीचा उल्लेख नाही, हे ध्यानात घ्यावे. काम होते रोजचा केर काढण्याचे. २२ मार्च २०२० रोजी आपण आरोग्यसेवकांसाठी थाळ्या वाजविल्या. साथ ओसरली, दवाखान्यातील सफाई कामगार व आशाताई मात्र आजही कामावर आहेत. मोहल्ल्यात येणारी आशाताई आठवडाभर दिसली नाही, तर तिची चौकशी करण्यास आपल्यापैकी कोण जाईल? तिचे घर तरी कोणास ठाऊक आहे?