काळा कोट शिवण्याआधीचा हिशेब

मुलीला मुंबईच्या लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप मिळाली, स्टायपेंडही देणार आहेत, अशी बातमी घरात आली की पेढे येतात. पेढे आणाच, पण त्याच दिवशी वही काढून बसा. कारण फर्मची मदत बहुतेक वेळा उशिरा येते आणि खर्च आधी होतो. दोन्हींच्या मधले सहा-आठ आठवडे कोणाच्या खिशातून जाणार, हे ठरलेलं नसलं तर चांगली संधीही हातची जाते.

साताऱ्याची, बीए-एलएलबीच्या चौथ्या वर्षातली मुलगी धरू. फोर्टातल्या एका फर्ममध्ये चार आठवडे काम, स्टायपेंड १५ हजार. राहायला डोंबिवलीत कॉट बेसिसवर जागा, भाडं साडेसात हजार आणि तेवढंच डिपॉझिट. दोन्ही वेळचा डबा साडेचार हजार, चहा-नाश्ता दीड हजार, लोकलचा पास आणि बस मिळून आठशे. कामाच्या गडबडीत शेवटच्या गाड्यांनी यावं लागतं, तेव्हा स्टेशनापासून रिक्षा, तिचे हजार धरा. दोन पांढरे शर्ट, काळी पँट, बूट यांचे अडीच हजार. बेरीज २५,३०० रुपये, आणि यातले बरेचसे पहिल्याच आठवड्यात लागतात. स्टायपेंड मात्र काम संपल्यावर, बिलांच्या फेरीत. डिपॉझिट परत मिळालं तरी घरचे २,८०० गेलेच. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या मुलीच्या जागेचं भाडं घालून पुन्हा मांडा.

पासाची एक गंमत. विद्यार्थ्यांची रेल्वे सवलत घर ते कॉलेज या मार्गासाठी असते. इंटर्नशिपच्या स्टेशनापर्यंत ती मिळेल असं गृहीत धरू नका.

फर्मला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण ते ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येतं. स्टायपेंड कोणत्या तारखेला जमा होतो? लॅपटॉप तुम्ही देता की आम्ही आणायचा? उशीर झाला तर घरी सोडायची सोय आहे का? कर कापणार का? कापला असेल आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. मुलं ‘कुठे ती कटकट’ म्हणून सोडून देतात आणि दीड हजार रुपये सरकारजमा राहतात.

आणि हे ठळक लिहून ठेवा: इंटर्नशिपसाठी पैसे भरायचे नसतात. ‘नोंदणी शुल्क भरा, घरबसल्या प्रमाणपत्र घ्या’ असले संदेश विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतात. त्या कागदाची किंमत झेरॉक्सएवढीच.

मुंबई गाठलीच पाहिजे असंही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे इंटर्नशिप लागते. सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे बसावंच लागतं. मग पहिली दोन-तीन वर्षं आपल्याच जिल्हा न्यायालयात, ओळखीच्या वकिलांकडे काढावीत हे माझं स्पष्ट मत. स्टायपेंड मिळणार नाही, पण खर्चही एसटीच्या तिकिटापुरता. वकालतनामा कुठे लावतात, तारीख कशी पडते, शिरस्तेदाराशी कसं बोलायचं, हे फोर्टातल्या एसीत कोणी शिकवत नाही. मुंबईचे चार आठवडे चौथ्या-पाचव्या वर्षासाठी राखा. तेव्हा फर्मसुद्धा नोकरीच्या दृष्टीने मुलांकडे पाहतात.

आता शिष्यवृत्ती. फर्मच्या शिष्यवृत्त्या वर्तमानपत्रात फारशा दिसत नाहीत. त्या कॉलेजमार्फत, एखाद्या विद्यापीठाशी झालेल्या करारातून किंवा मूट कोर्टच्या बक्षिसातून येतात, म्हणून प्लेसमेंट समितीकडे आणि कॉलेजच्या लेखा खिडकीवर चौकशी करा. रक्कम विचारण्याआधी विचारा की ती थेट कॉलेजला जाते की पावती दाखवल्यावर तुम्हाला मिळते. दुसऱ्या प्रकारात फी आधी तुम्हीच भरायची असते. पुढच्या वर्षी ती चालू राहायला किती गुण लागतात आणि नंतर अमुक वर्षं त्याच फर्ममध्ये नोकरीची अट आहे का, हेही बघा. अट असेल तर ती शिष्यवृत्ती कमी आणि उचल जास्त.

पण खरा आधार अजून सरकारीच आहे. राज्याच्या जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे कॅपच्या फेरीतून हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की सवलत गेली. वसतिगृह आणि मेस यात येत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. या योजनांचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच करायचे. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, नंतर सेतू केंद्रात रांग लागते. एकाच फीसाठी सरकारी आणि खासगी अशा दोन मदती चालतील का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा मामला वेगळा. त्यांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेचा अर्जच खुल्या गटाला ४,००० आणि अनुसूचित जाती-जमातींना ३,५०० रुपयांना पडतो. आत गेल्यावर फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला काही लाख. गरीब घरच्या मुलांना क्लॅटची तयारी करून देण्यापासून पुढे शिक्षणाचा खर्च उभा करण्यापर्यंत मदत करणारी ‘इडिया’ ही संस्था शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केली. बारावीच्या आधीच तिची माहिती काढा.

पदवीनंतर सनद. याबाबतीत बातमी चांगली आहे. राज्यांच्या बार कौन्सिल हजारोंनी रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढंच नोंदणी शुल्क घ्या: खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मुद्रांक शुल्क लागू असेल ते वेगळं. जास्त मागितले तर कशाचे ते विचारा आणि पावती घ्या. ऑल इंडिया बार परीक्षेचे आणखी ३,५०० बाजूला ठेवा, अनुसूचित गटांना २,५००.

आणि कोट चढल्यावर? ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात पहिली दोन वर्षं सीनिअर देतील ते, असंच अजून चालतं. घरचा हिशेब त्या दोन वर्षांसकट मांडा.