महाबळेश्वरात बसून विनोद लिहायचा तर

टीव्ही-सिनेमासाठी विनोदी लिहायचंय म्हणून लगेच मुंबई गाठू नका. कच्चा माल इथेच आहे. पावसाळ्यात पर्यटक आटले की टॅक्सीवाले, घोडेवाले, दुकानदार निवांत असतात, त्यांच्यात बसा. वहीत चुटके उतरवू नका. कोण काय लपवतंय, कुणाला कशाची धास्ती आहे, ते टिपा.

मग एक प्रहसन लिहा : एक जागा, तीन माणसं, सात-आठ मिनिटं. समजा, ऑफ सीझनमध्ये हॉटेलच्या मॅनेजरनं मालकाला न विचारता सासुरवाडीला खोल्या दिल्यात. जावईच हॉटेलचा मालक, अशी सासऱ्यांची समजूत. तेवढ्यात खरा मालक दारात. आता घाई करू नका. प्रेक्षकाला सगळं आधी सांगून टाका. मालकाला कधी कळेल या धाकधुकीतच हसू आहे. सासऱ्यांनी मालकाला वेटर समजून चहा सांगितला की मॅनेजरची पहिली थाप निभावायला दुसरी लागते. प्रत्येक थाप आधीच्यापेक्षा महाग पडली पाहिजे.

हे शिकायला ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) बघा. पटकथा ग. दि. माडगूळकरांची, ते आपल्या शेजारच्या, सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले. महिन्याभरात लाख रुपये उडवायचे, एवढ्या एका अटीवर अख्खा सिनेमा उभा आहे. प्रत्येक प्रसंगाला थांबा आणि लिहा : कुणाला काय हवंय, आडवं काय आलं. वाचनासाठी जवळचं भिलार गाव आहेच. २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. द. मा. मिरासदार, शंकर पाटील मोठ्यानं वाचा.

बोली आपलीच ठेवा. ‘लागिरं झालं जी’ या मालिकेतून साताऱ्याची बोली महाराष्ट्रानं रोज ऐकली. पण माणूस गावाकडचं बोलतो म्हणून हसवणं हा विनोद नव्हे, तो त्या माणसाचा अपमान आहे. तसली वाक्यं निर्दयपणे कापा.

प्रहसन जत्रेत, स्नेहसंमेलनात करून बघा. हशा न आलेल्या जागांवर खूण करा, पुन्हा लिहा. अशी चार-पाच प्रहसनं हाताशी आली की प्रॉडक्शन हाउसकडे जा. त्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन संहितेची नोंदणी करा. श्रेयनामावलीत नाव कसं येणार, मानधन किती हप्त्यांत मिळणार, हे लेखी झाल्यावरच पुढचा खर्डा द्या.